विकतचं सॉफ्टवेअर घ्यायचं की नाही? भजन मंडळ, झाडीपट्टी आणि गावातल्या स्टुडिओचे प्रश्न

प्रश्न : आमचं तिवसा तालुक्यात खंजेरी भजन मंडळ आहे. हार्मोनियम, तबला, दोन खंजेऱ्या, एक मुख्य गायक आणि मागे सहा जण. मधोमध एक यूएसबी माइक ठेवतो आणि ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरवर रेकॉर्ड करतो. खंजेरी सगळ्यांवर चढते, गायकाचे शब्द दबतात. ओळखीचे एक जण म्हणतात, पंधरा-अठरा हजारांचं सॉफ्टवेअर घ्या, ते सगळं वेगवेगळं करून देईल. वर्गणी काढून घ्यावं का?

आत्ताच घेऊ नका. एका माइकमध्ये सगळे आवाज एकत्र शिरले की ते एकाच ट्रॅकवर उतरतात. नंतर ते वेगळे करणारी साधनं आहेत, पण तुमच्या वाद्यमेळात ती कमी पडतील. खंजेरीच्या झांजांचा आवाज आणि ‘स’, ‘श’, ‘च’ या अक्षरांची धार जवळपास एकाच पट्ट्यात असते, साधारण ५ ते १० किलोहर्ट्झ. खंजेरी काढायला गेलात की शब्दांची धारही जाते आणि गायक तोंडाला उपरणं लावून गातोय असं वाटतं.

आधी बैठक बदलून बघा, खर्च शून्य. तुमचा माइक कार्डिऑइड असेल तर तो समोरचं जास्त आणि पाठीमागचं कमी ऐकतो. त्याचं तोंड गायकाकडे करा, गायक एक-दीड वितीवर बसू द्या, आणि खंजेरीवाल्यांना माइकच्या पाठीमागे पाच-सहा फुटांवर बसवा. हार्मोनियम बाजूला, तिचा भाता माइककडे नको. पत्र्याच्या किंवा सिमेंटच्या खोलीत गायकाच्या मागच्या भिंतीला कापसाच्या दोन गाद्या उभ्या टेकवा. गादीने भुंग्यासारखी घुमणारी खालची गुंज जात नाही, पण झांजांचा भिंतीवरून परत येणारा चरचराट बराच कमी होतो. एवढ्यावर काम भागलं तर ऑडॅसिटीच ठेवा. दोन खंजेऱ्या आणि एक गळा नीट पकडायला तिची कुवत पुरेशी आहे.

भागलं नाही, म्हणजे तुम्हाला चार माइक एकाच वेळी चार वेगळ्या ट्रॅकवर हवे आहेत. इथे खरी अडचण येते. ऑडॅसिटीच्या ३ मालिकेतल्या आवृत्तीत, विंडोजच्या नेहमीच्या डाउनलोडमध्ये, एएसआयओ ड्रायव्हरची (इंटरफेसचे सगळे चॅनेल थेट सॉफ्टवेअरपर्यंत पोचवणाऱ्या दुव्याची) सोय नाही. त्यामुळे चार इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारा डबा) लावूनही बहुतेक वेळा दोनच चॅनेल रेकॉर्ड होतात. सॉफ्टवेअर बदलायला हे सबळ कारण आहे, कारण अडलेलं काम बोट ठेवून दाखवता येतं. मात्र त्याआधी इंटरफेस लागेल, आणि तो घेताना नीट बघा. खोक्यावर ‘४ इनपुट’ लिहिलेलं असलं तरी पुष्कळदा माइकची सॉकेट दोनच असतात, उरलेली दोन कीबोर्डसारख्या लाइन वाद्यांसाठी. चार माइक प्रीअॅम्प (माइकचा बारीक सिग्नल वाढवणारे भाग) आहेत का हे दुकानदाराला स्पष्ट विचारा. वर्गणीचा मोठा हिस्सा इथेच खर्च होऊ द्या.

सॉफ्टवेअरसाठी रीपर हे अनेक ट्रॅक रेकॉर्ड करणारं सॉफ्टवेअर चाचणीला घ्या. ६० दिवस ते पूर्ण चालतं, काही बंद केलेलं नसतं. सोयाबीनच्या सोंगणीच्या तोंडावर ते उघडू नका, नाहीतर मंडळ वावरात आणि दिवस इकडे संपलेले. चाचणी मंडळाला तोंडपाठ असलेल्या एकाच भजनावर करा, म्हणजे कान गाण्यात न गुंतता कामाकडे राहतील.

पहिल्या दिवशी इंटरफेसच्या कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हर टाका. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, बफर (लॅपटॉप एका दमात हाताळतो तो आवाजाचा तुकडा) २५६ ठेवा आणि चारही माइक लावून सलग २० मिनिटं रेकॉर्ड करा. इतक्याला साधारण ७०० एमबी जागा लागेल, तासाला २ जीबीहून थोडी जास्त. मीटरवर गायकाची शिखरं उणे १२ डेसिबलच्या आसपास असावीत. खंजेरीची थाप अचानक उसळते, तिला आणखी जागा सोडा. लाल दिवा लागला की तो तुकडा गेला, तो कोणत्याही सॉफ्टवेअरने परत येत नाही. आता हेडफोन लावून पूर्ण २० मिनिटं ऐका. मध्येच ‘टक्’, ‘चर्र’ असे तुटके आवाज आले तर आधी लॅपटॉपचं वायफाय बंद करून पुन्हा करा. वायफायच्या ड्रायव्हरमुळे अशी टकटक फार वेळा होते. तरीही आली तर बफर ५१२ करा.

बफरचा हिशोब सोपा आहे. ४८ किलोहर्ट्झला २५६ म्हणजे ५.३ मिलिसेकंद, ५१२ म्हणजे १०.७. हे एका बाजूचं; आत जाऊन हेडफोनमध्ये परत येईपर्यंत दुपटीहून जास्त होतं आणि गायकाला स्वतःचा आवाज मागून येतोय असं वाटतं. इंटरफेसवर ‘डायरेक्ट मॉनिटर’चं बटण असेल तर ते दाबा आणि सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग बंद ठेवा. मग बफर कितीही ठेवा, गायकाला त्रास नाही.

दुसऱ्या बैठकीत एक चुकलेली ओळ तेवढीच पुन्हा गाऊन बसवा. चार माइक एकाच खोलीत असतील तर गायकाच्या माइकमध्ये तबला झिरपलेला असतो, म्हणून फक्त गायकाची ओळ बदलली की जोड ऐकू येतो. अशा वेळी सगळ्यांनी मिळून पूर्ण कडवं पुन्हा घ्यायचं आणि तालाच्या समेवर जोडायचं. हे तुमच्यातल्या दोघांना, फोनवर कोणाला न विचारता, जमतंय का? एकालाच जमत असेल आणि तो पोट्टा उद्या पुण्याला नोकरीला गेला, तर सॉफ्टवेअर मंडळाच्या काही कामाचं राहत नाही.

तुमच्या ओळखीच्यांनी सुचवलेलं सॉफ्टवेअर लूप आणि बीट बनवणाऱ्यांसाठीचं असेल, तर तेही तपासा. त्या जातीचं सॉफ्टवेअर सगळं एका ठरलेल्या लयीच्या चौकटीत बसवतं. खंजेरी भजनाची लय शेवटाकडे चढते आणि चढायलाच हवी. क्लिकवर, म्हणजे ठरलेल्या लयीच्या टकटकीवर, गायला लावलात तर भजनाचा जीव जाईल. क्लिक बंद ठेवून मोकळं रेकॉर्ड करणं आणि माइक सांभाळणं, एवढंच तुमचं काम आहे.

रीपरचं सवलतीचं लायसन्स ६० डॉलरचं आहे. वैयक्तिक वापरासाठी किंवा वर्षाची एकूण कमाई २०,००० डॉलरच्या आत असलेल्यांसाठी ते चालतं. त्यावरच्या व्यवसायाला २२५ डॉलर. डॉलर ९० रुपये धरला तर ६० चे ५,४०० होतात. बिलात १८ टक्के जीएसटी लागला तर ९७२ आणखी, आणि बँकेचं परकीय चलनाचं शुल्क वेगळं. ६० दिवस झाल्यावरही ते उघडत राहतं, पण ज्यावर तुमचं भजन चालतंय त्याचे पैसे त्या वेळी भरा.

प्रश्न : रेकॉर्डिंगमध्ये सतत घूंऽऽ असा आवाज येतो. नॉइज काढणारं महागडं प्लगइन (सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) घेतलं तर जाईल का? (ता. दारव्हा)

कमी होईल, पण मुळापासून जाणार नाही. आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर दोन मिनिटं रेकॉर्ड करा. घूं गेली तर दोष विजेच्या वाटेत आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून घुमणं ५०, १००, १५० वर ऐकू येतं. लॅपटॉप, अॅम्प्लिफायर आणि मिक्सर एकाच बोर्डावर घ्या, लांब केबल एक्सएलआर किंवा टीआरएसची बॅलन्स्ड वापरा, आणि वायरमनकडून न्यूट्रल ते अर्थिंग व्होल्टेज मोजून घ्या. ते दोन व्होल्टच्या वर बरंच असेल तर अर्थिंग कमजोर आहे किंवा न्यूट्रल ढिला आहे. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, ओल जाते आणि अर्थिंगचा खड्डा नावापुरता उरतो. एप्रिल-मेमध्ये त्यात नियमित पाणी टाकलं तरी फरक पडतो. घूं जावी म्हणून प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. स्टीलच्या जाळीचा माइक ओठांना लागतो, त्यात करंट उतरला तर जीव जाऊ शकतो.

बॅटरीवरही आवाज राहिला तर तो बहुधा कूलरचा, पंख्याचा किंवा माइकचा गेन फार चढवल्याचा आहे. उरलेल्यासाठी ऑडॅसिटीचं नॉइज रिडक्शन फुकट आहे. दोन-तीन सेकंदांची शांत जागा निवडून नमुना द्या आणि ६ ते १२ डेसिबलपर्यंतच काढा. जास्त ओढलं की आवाज पाण्याखालून आल्यासारखा बुडबुडतो.

प्रश्न : मी झाडीपट्टी नाटकांना कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड वाजवतो. पार्श्वसंगीत आणि वीज, पाऊस, घोडा असे आवाज मोबाइलवरून लावतो, त्यात वेळ चुकते. एबलटन लाइव्ह हे बटणावर आवाज लावता येणारं सॉफ्टवेअर घ्यावं म्हणतो. लॅपटॉप जुना आय थ्री, ८ जीबी रॅम. पूर्ण आवृत्ती घेऊ का? (वडसा परिसर)

तुमच्या कामाला ते शोभेल, पण पूर्ण आवृत्तीची गरज दिसत नाही. आधी घरातली खोकी उघडून बघा. पुष्कळ मिडी कीबोर्ड आणि ऑडिओ इंटरफेससोबत लाइव्ह लाइटचा, म्हणजे त्याच्या लहान आवृत्तीचा, कोड फुकट येतो आणि तो कोणी वापरलेलाच नसतो. लाइटमध्ये ट्रॅक मोजके असतात, तरी नाटकाच्या क्यूंना (ठरल्या क्षणी लावायच्या आवाजांना) पुरतात. कोड नसेल तर सगळ्यात मोठ्या आवृत्तीची ३० दिवसांची चाचणी घ्या, पण त्यात फक्त लहान आवृत्तीत मिळणाऱ्या गोष्टी वापरा. कोणती सोय कुठल्या आवृत्तीत आहे हे कंपनीच्या तुलना-तक्त्यात दिसतं. नाहीतर ३० दिवसांत मोठ्या आवृत्तीतल्या वाद्यांची सवय लागते आणि मग तीच घ्यावी लागते.

वेळ चुकण्याची तीन कारणं या सॉफ्टवेअरमध्येही तशीच राहतील, ती पहिल्याच दिवशी काढा. पहिलं, वरच्या पट्टीत क्वांटायझेशन ‘१ बार’वर असतं. तुम्ही बटण दाबता आणि क्लिप पुढच्या बारपर्यंत थांबते. खलनायक पडून उठला तरी वीज कडाडत नाही! ते ‘नन’ करा. दुसरं, लांब फाइल टाकली की ‘वार्प’ आपोआप लागू शकतं आणि सॉफ्टवेअर ती लयीत ओढून आवाज बिघडवतं. प्रत्येक इफेक्टच्या क्लिपवर वार्प बंद करा. तिसरं, एमपी३ फाइलच्या सुरुवातीला बऱ्याचदा थोडी रिकामी जागा असते. सगळे इफेक्ट वेव्ह फाइलमध्ये बदला आणि सुरुवातीची शांतता कापून ठेवा.

लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून मंडपाच्या साउंडला वायर देऊ नका. लहानसा दोन आउटपुटचा इंटरफेस घ्या, सॉफ्टवेअरला तोच द्या, आणि विंडोजचं डिफॉल्ट स्पीकर लॅपटॉपचंच राहू द्या. मग बॅटरी कमी झाल्याची ‘टुंग’ लॅपटॉपमध्येच वाजेल, करुण प्रवेशात मंडपभर नाही.

ऑक्टोपॅड लॅपटॉपमधल्या आवाजांवर वाजवायचा असेल तर बफर १२८ वर आणून बघा. ४८ किलोहर्ट्झला ते २.७ मिलिसेकंद. आय थ्रीवर त्याने कडकड झाली तर पॅडचे आवाज पॅडमधलेच वापरा आणि लॅपटॉपला फक्त क्यू द्या. हे विभाजन रात्रभराच्या प्रयोगाला जास्त भरवशाचंही आहे. जनरेटर बदलताना झटका बसतो, म्हणून बॅटरी चांगली असलेला लॅपटॉप आणि इंटरफेस यूएसबीवरच चालणारा हवा. क्यूंची हीच यादी मोबाइलवर क्रमाने ठेवलेली असू द्या, लॅपटॉप अडला तरी नाटक थांबणार नाही.

खरेदीचा निर्णय सलग तीन तालमी झाल्यावर घ्या. तिन्हींत एकही क्यू हुकला नाही आणि लाइटने अडवलं नाही, तर पैसे वाचले. ट्रॅक कमी पडलेच तर एक पायरी वरची आवृत्ती बघा, थेट सगळ्यात वरची नको.

प्रश्न : तालुक्याला एक जण तीनशे रुपयांत एफएल स्टुडिओ हे गाणी बनवायचं सॉफ्टवेअर आणि दोनशे प्लगइन टाकून देतो. सगळे तेच वापरतात. त्यात वाईट काय?

तसं करून घेऊ नका, हे आम्ही मनापासून सांगतो. इन्स्टॉल करताना पहिली सूचना असते ‘अँटिव्हायरस बंद करा’. त्याच लॅपटॉपवर तुमचं बँकेचं खातं, आधार, सातबाऱ्याच्या पीडीएफ असतात. क्रॅकमधून (कुलूप तोडलेल्या चोरीच्या प्रतीतून) काय आत शिरलं हे टाकून देणाऱ्यालाही माहीत नसतं. दुसरं, क्रॅक प्लगइन विंडोजच्या एखाद्या अपडेटनंतर उघडत नाही आणि अर्धवट गाण्यातलं त्याचं वाद्य गायब होतं. तक्रार कोणाकडे करणार? तिसरं, कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३ ब प्रमाणे चोरीचा संगणक प्रोग्रॅम जाणूनबुजून वापरल्यास ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड आहे. घरगुती, कमाईविना वापर असेल तर न्यायालय कैद टाळून दंडावर सोडू शकतं. तुम्ही लग्नाची, भीमजयंतीची गाणी पैसे घेऊन करत असाल तर ती सूट धरून चालू नका.

एफएल स्टुडिओची अधिकृत चाचणी मुदतीशिवाय चालते. गाणं बनवता येतं, वेव्ह काढता येते, फक्त सेव्ह केलेला प्रोजेक्ट विकत घेईपर्यंत पुन्हा उघडत नाही. म्हणून रात्री काम संपवण्याआधी प्रत्येक ट्रॅकची वेगळी वेव्ह काढून ठेवा. डीपी जळून लाइन गेली आणि डेस्कटॉप बंद पडला तर त्या बैठकीतलं काही हाती राहत नाही, तेव्हा यूपीएस नसेल तर दर अर्ध्या तासाने काढा. घेतलंत तर पुढची अपडेट आयुष्यभर फुकट मिळतात, हा त्याचा मोठा फायदा. तुम्हाला गायक रेकॉर्ड करायचे असतील तर प्रोड्युसर आवृत्तीपासून बघा. काहीच खर्च करायचा नसेल तर वेव्हफॉर्म फ्री आणि एलएमएमएस मोफत आहेत. एलएमएमएसमध्ये गायकाचं रेकॉर्डिंग मात्र होत नाही, ते ऑडॅसिटीत करून आणावं लागतं.

प्रश्न : पुसदला छोटा स्टुडिओ आहे. आठ-नऊ वर्षांपूर्वीचं सॉफ्टवेअर चालू आहे. कंपनी अपग्रेडवर सवलत देते. घ्यावं का?

सवलतीची तारीख बघून ठरवू नका. नोव्हेंबरच्या शेवटी बहुतेक कंपन्या पुन्हा सवलत देतात. एका कागदावर गेल्या दहा कामांत सॉफ्टवेअरमुळे काय अडलं ते लिहा. गिऱ्हाइकाला उशीर झाला, पण तो गायक न आल्यामुळे, तर ते या यादीत येत नाही. यादीत एकच मुद्दा परत परत आला आणि नव्या आवृत्तीच्या चाचणीत तो सुटला, तरच अपग्रेड. नवे आवाज, नवा रंग, नवा चेहरा हे कारण पुरेसं नाही.

तुमच्या बाबतीत जास्त जपायचं आहे ते जुन्या कामाला. जुनी प्लगइन ३२ बिटची असतील तर नव्या सॉफ्टवेअरमध्ये ती दिसणारच नाहीत. क्यूबेस या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरने ९ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१६ पासून, ३२ बिट प्लगइन बंद केली. लाइव्ह १० व्या आवृत्तीपासून पूर्ण ६४ बिट आहे. रीपरमध्ये ती चालवायचा पूल आहे. म्हणून अपग्रेड टाकण्याआधी प्रत्येक महत्त्वाच्या गाण्याचे सगळे ट्रॅक शून्य मिनिटापासून शेवटपर्यंत एकाच लांबीच्या २४ बिट वेव्हमध्ये काढा. मिडी फाइल (कोणता सूर कधी वाजला याची नोंद) वेगळी, आणि सोबत एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लय, पट्टी आणि हार्मोनियमचा सूर लिहा. ‘काळी १’ म्हणजे सी शार्प हे खरं, पण गावातली पेटी ४४० हर्ट्झवर लागलेली असेलच असं नाही. ट्यूनर ४४४ दाखवत असेल तर तेही लिहा, नाहीतर दोन वर्षांनी नवा कीबोर्ड जोडताना सगळंच बेसूर होईल.

नवी आवृत्ती जुनीच्या शेजारी टाका, जुनी काढू नका. विंडोज १० चा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. नवं सॉफ्टवेअर विंडोज ११ मागत असेल आणि तुमचा संगणक ते घेत नसेल, तर अपग्रेडची खरी किंमत नव्या संगणकाइतकी होते. तो पैसा त्या संगणकात एसएसडी आणि रॅम टाकायला वापरला तर रोजच्या कामात जास्त फरक पडेल, असं आमचं मत आहे.

प्रश्न : आमच्या गावात मोबाइलच्याच नेटवर भागतं. सॉफ्टवेअर घेतलं तर उतरवायचं कसं? कार्डही नाकारलं जातं. (ता. सिंदेवाही)

कार्ड नाकारण्याचं कारण बहुधा एकच: कार्डावर परदेशी व्यवहार सुरुवातीला बंदच असतात. बँकेच्या अॅपमध्ये कार्ड सेटिंगमध्ये जाऊन ‘आंतरराष्ट्रीय’ आणि ‘ऑनलाइन’ चालू करा, मर्यादा खरेदीपुरतीच ठेवा आणि काम झालं की बंद करा. भारतातल्या अधिकृत विक्रेत्याकडे यूपीआय आणि जीएसटीचं बिल दोन्ही मिळतं, तोही मार्ग बघा.

रीपरचा इन्स्टॉलर इतका लहान आहे की एका रेंजमध्ये उतरतो. मोठ्या सॉफ्टवेअरसोबत येणारी वाद्यांची लायब्ररी मात्र दहा-दहा जीबींची असते. ती इन्स्टॉल करताना वगळता येते, गरज लागेल तेवढीच घ्या. तालुक्याला किंवा नातेवाइकाकडे ब्रॉडबँड असेल तर तिथल्या संगणकावर उतरवून पेनड्राइव्हवर आणा. इन्स्टॉलर कंपनीच्याच साइटवरून उतरवलेला हवा, कोणाच्या पेनड्राइव्हवर आधीच पडलेला नको. रीपरचं लायसन्स एक छोटी फाइल आहे, ती मेलवरून मोबाइलवर घेऊन केबलने लॅपटॉपमध्ये टाका, बाकी नेट लागत नाही. लाइव्हमध्येही नेटशिवाय नोंदणी होते: लॅपटॉपचा हार्डवेअर कोड टिपून घ्या, मोबाइलवर तुमच्या खात्यात तो भरा, मिळालेली फाइल परत लॅपटॉपवर उघडा. कोड कागदावर उतरवताना ०, ओ आणि ८, बी यांची अदलाबदल होते, म्हणून फोटो काढा.